रागाला बांध घाला



गावोगावच्या बैठकांत एकच मागणी ऐकतो आहे. "साहेब, एक धडाकेबाज माणूस द्या. तो संसदेत गेला की सगळ्यांना सरळ करील." या बोलण्यामागचा ताप मला कळतो. पण असा माणूस पोलंडच्या शेतकऱ्यांना मिळाला होता. त्याचे पुढे काय झाले, ते जिल्हा बैठकीत ठराव करण्याआधी ऐकून घ्या.

कम्युनिस्ट राजवट गेली आणि जानेवारी १९९० पासून तिथे खुल्या बाजाराचे धोरण एका दमात लागू झाले. आधी घेतलेल्या कर्जांनाही नवे, चढे व्याज लागले. कर्ज काढून शेती वाढवणारे अडकले. त्यांतलेच एक आंजेय लेपेर. त्यांनी 'सामोओब्रोना', म्हणजे स्वसंरक्षण, नावाची संघटना उभी केली. १९९९ च्या सुरुवातीला देशभर रस्ते अडवले. २००२ मध्ये आयात धान्याच्या वाघिणी रुळांवर रिकाम्या केल्या. १९९३ आणि १९९७ च्या निवडणुकांत त्यांना एकही जागा नव्हती. २००१ मध्ये शेकडा दहा मते आणि ४६० पैकी ५३ जागा मिळाल्या. २००५ मध्ये ५६. मे २००६ मध्ये लेपेर उपपंतप्रधान आणि कृषिमंत्री झाले.

ऑक्टोबर २००७ च्या निवडणुकीत मते शेकडा दीड, जागा शून्य. खुर्चीत बसल्यापासून सतरा महिन्यांत खेळ संपला.

असे का झाले? पक्षाच्या नेत्यांवर महिलांच्या छळाचे आरोप झाले. जमिनीच्या लाचेची चौकशी कृषिमंत्रालयापर्यंत पोचली आणि लेपेर यांचे मंत्रिपद गेले. पण मूळ खोल असते तर एवढ्याने झाड उन्मळले नसते.

पहिले कारण, पक्ष म्हणजे एकच माणूस. आमदार-खासदार फुटू नयेत म्हणून उमेदवारांकडून मोठ्या रकमेच्या हुंड्यांवर आधीच सह्या घेतल्या होत्या. कर्जाने गांजलेल्यांची संघटना आपल्याच माणसांना कर्जाच्या कागदाने बांधत होती! जिथे विश्वासाची जागा हुंडी घेते, तिथे संघटना उरत नाही.

दुसरे कारण, सगळी भाषा सत्तेविरुद्धची. स्वतः सत्तेत बसल्यावर ओरडायचे कोणाविरुद्ध? शिवाय सरकारात ते धाकटे भागीदार. थोरल्या पक्षाने त्यांचीच भाषा बोलून त्यांचेच मतदार ओढले.

तिसरे कारण, २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात गेला आणि शेतकऱ्याला हेक्टरमागे थेट अनुदान मिळू लागले. राग निवला. रागाखेरीज माणसे धरून ठेवणारे दुसरे काही नव्हते.

तो राग खोटा होता असे मी म्हणत नाही. रस्ते अडवले नसते तर सरकार बोलायलाही आले नसते. पण शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून सांगतो, मृगाचा दणका उताराच्या, बांध नसलेल्या वावरात पडला तर ओल मुरत नाही. पाणी नाल्याला जाते आणि जाताना माती घेऊन जाते. तिथे तेच झाले.

म्हणून निवडणूक लढवायची की नाही हे ठरवण्याआधी तीन बांध घालू. उमेदवार गावाच्या बैठकांनी निवडावा, वरून येऊ नये. निवडून आलेल्याने संघटनेचे पद सोडावे आणि दर सहा महिन्यांनी याच मांडवात हिशेब द्यावा. कापूस-ज्वारीची हमीभावाने खरेदी, वेळेवर पीककर्ज, पीकविम्याची भरपाई, यांवर काय केले ते सांगावे. आणि कोणत्याही सरकारात जायचे की नाही, हे नेत्याने नव्हे, जिल्हा बैठकीने ठरवावे.

धडाकेबाज माणूस मिळाला तर आनंदच आहे. पण तो उद्या घसरला, तरी परवा आपली बैठक भरली पाहिजे.