सावलीचा अधिकार

पारपत्राच्या अर्जाला जोडावयाच्या छायाचित्रात मुखावर सावली पडता कामा नये, हा सरकारी दंडक रास्तच आहे. कारण दप्तराला चेहऱ्याचा दाखला हवा असतो आणि दाखल्यात संदिग्धतेला थारा नसतो. परंतु दप्तराचा हा शिरस्ता आता घरोघरच्या व्यक्तिचित्रांतही रूढ होऊ पाहत आहे, हे मला मनापासून खटकते. लग्नमंडपात दोहो बाजूंनी सारखेच प्रखर दिवे लागतात, खिशातला मोबाइल तर आपण न सांगताच सावल्या उजळून टाकतो. आणि मग कपाळ, गाल, दागिने व मागची फुले एकाच पंक्तीला येऊन बसतात, व पाहणाऱ्याची दृष्टी कोठेच स्थिरावत नाही.

कलकत्त्यात जन्मलेल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांनी १८६७ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात, वयोवृद्ध ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांच्या घरी जाऊन त्यांची जी व्यक्तिचित्रे घेतली, ती या संदर्भात अवश्य पाहावीत. चांदीचे क्षार ‘हायपो’ या रसायनात विरघळतात, हे १८१९ मध्ये शोधून छायाचित्र टिकाऊ करण्याची वाट ज्यांनी मोकळी केली, तेच हे हर्शेल. कॅमेरनबाईंनी त्यांचे पांढरे केस मुद्दाम धुवून मोकळे करवले होते, असे सांगतात. अंगावरचे वस्त्र गडद, पार्श्वभूमी त्याहून गडद. त्या अंधारातून केसांच्या विस्कटलेल्या बटा, सुरकुतलेले कपाळ आणि ओलसर डोळे एवढेच पुढे येतात. जेथे उजेड आणि काळोख एकमेकांना तीव्रतेने भिडतात, तेथे दृष्टी प्रथम धाव घेते, हा नेत्रांचा स्वभावच आहे. आणि कॅमेरनबाईंनी ती धाव त्या डोळ्यांपाशी नेऊन थांबवली.

याला फार मोठा सरंजाम लागत नाही. खिडकीशेजारी खुर्ची मांडून बसणाऱ्याने मुख हळूहळू आतल्या बाजूस वळवले, की नाकाची सावली गालावरच्या सावलीला जाऊन मिळते व पलीकडच्या डोळ्याखाली प्रकाशाचा एक लहानसा त्रिकोण उरतो. छायाचित्रकार त्याला चित्रकार रेम्ब्रांच्या नावाने ओळखतात. सावली फारच दाट वाटली तर त्या अंगाला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरावा. विरळ वाटली तर त्याच जागी काळे कापड.

तरीही ‘चेहरा काळा आला’ ही तक्रार छायाचित्रकाराच्या कानी येतेच, आणि तिच्या मुळाशी गोरेपणाचा आपला जुना हव्यास आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सावळ्या कांतीचे खरे तेज गालाच्या उंचवट्यावर, नाकाच्या दांडीवर पडलेल्या झळाळीत असते, आणि शेजारी सावली नसेल तर ती झळाळी दिसतच नाही. सरसकट उजेडाने त्या कांतीवर केवळ राखेची कळा येते. घरातल्या आजीचे छायाचित्र पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर राहावयाचे असेल, तर तिला दिव्यांच्या माऱ्यापुढे न बसवता सकाळच्या खिडकीपाशी बसवावे, आणि गालावरच्या खळगीत उतरलेली सावली कोणी पुसू लागला, तर त्याला तेथेच अटकाव करावा.