धूळ गेली नाही, उडाली



23 जानेवारी 2022 चा रविवार. गळिताचा हंगाम ऐन भरात, तरी एका दिवसाची सवड काढून आम्ही रोह्याजवळ वरसे येथे बारशाला गेलो होतो. आपल्याच एका सभासदाचा मुलगा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, त्याच्या घरी. पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे लोट त्या दिवशी अरबी समुद्र ओलांडून मुंबई-कोकणावर आले आणि घाट चढून पुण्यापर्यंत पोचले, हे पुष्कळांना आठवत असेल. ऊन फिके पडले. दारातल्या मोटारसायकलीवर पांढुरका थर, आणि आत पाळण्यावरही.

मग घरातल्या वडीलधाऱ्या बायांनी जे केले, ते आपल्या घरोघरी होते. केरसुणी घेतली अन् खोली खसाखसा झाडली. दुपटी तिथल्या तिथे झटकली. खोली दिसायला लख्ख. पण बाळाची पाच वर्षांची बहीण, तिला आधीच दमा, घटकाभरात खोकून बेजार झाली. सूनबाईंनी दोन्ही पोरांना शेजारी पोचवले आणि परत येऊन म्हणाल्या, "आत्याबाई, धूळ गेली नाही, उडाली."

आमचे मत त्याच दिवशी पक्के झाले. जाड रेती लगेच खाली बसते. पण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि छातीत खोल जातात. मोठा माणूस मिनिटाला 12 ते 18 वेळा श्वास घेतो, दोन वर्षांचे पोर 25-30 वेळा. शिवाय ते रांगते जमिनीवरच, आणि खेळणे तोंडात घालते ते वेगळेच.

सूनबाईंनी पुढे केले ते असे. बाहेरची हवा निवळेपर्यंत खिडक्या बंद ठेवल्या, निवळल्यावर सताड उघडल्या. नाकाला मास्क बांधला. पंख्याचे बटण बंद करून पात्यांना जुना उशीचा अभ्रा चढवला नि ओढून काढला, धूळ अभ्र्यातच राहिली. मग फळ्या, खिडकीचे गज, पाळण्याच्या कड्या ओल्या फडक्याने वरून खाली पुसल्या. विजेच्या बोर्डाला मात्र ओला हात नाही. चादरी आतल्या आत गुंडाळून थेट पाण्यात टाकल्या, खेळणी साबणाने धुतली, फरशी पाणी बदलून दोनदा पुसली. फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर असे एकत्र कालवू नये, त्यातून विषारी वायू सुटतो. पाण्याची बादली रांगत्या पोराजवळ ठेवायची नाही, बादलीत तोंड खुपसून पोर गेल्याच्या गोष्टी ऐकिवात आहेत. आणि खोकला थांबेना, धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर घरगुती काढे न करता तडक दवाखाना.

यात नवे फारसे नाही. आपल्या आज्या अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडत. फरशी आली अन् ती शहाणी सवय गेली. अजून ज्यांच्याकडे सारवलेली जमीन आहे, त्यांनी हलके शिंपडून मगच झाडावे.

हा बायकांचा विषय म्हणून पुरुष मंडळींनी पान उलटू नये. वादळ दहा वर्षांतून एकदा येते; आपल्या पोरांच्या अंथरुणावर काजळी दर हंगामात पडते. फड पेटवतो कोण? हेक्टरी 8 ते 10 टन पाचट आपण काडी लावून हवेत सोडतो, तेच सरीत कुजवले तर जमिनीला खत होते. मजूर पेटवलेलाच ऊस मागतात ही अडचण खरी आहे, आम्हीही तिच्यात सापडलो आहोत. पण तोडणीनंतर उरलेले पाचट तर कोणी पेटवायला सांगत नाही ना! कारखान्यालाही विचारले पाहिजे, की चिमणीची राख अडवणारी यंत्रणा हंगामभर नीट चालते का.

आणखी एक सल आहे. वरशातल्या बाळाला निदान खोली होती, पुसायला फरशी होती. तोडणी कामगारांच्या कोपीत जमीन हीच धूळ, आणि आपलाच ऊस तोडणाऱ्यांची लेकरे गाड्यांच्या फुफाट्यात निजतात. तिथे ओले फडके कशावर फिरवायचे? तळावर पुरेसे पाणी, बसायला घट्ट चोपलेली जमीन आणि गाड्यांच्या वाटेवर दिवसातून दोनदा टँकरचा शिडकावा, एवढे तरी आपल्याला परवडते. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदनाला कोण उभे राहते, ते बघू.