गिझर बाथरूमच्या बाहेरच

दिवाळी सरली की बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या प्लंबरांचे आणि गॅस फिटरांचे फोन गिझरसाठी वाजू लागतात. विजेचा भरवसा नाही, सोलरचे पाणी पहाटे कोमट. गॅस गिझर मात्र नळ सोडताच कढत पाणी देतो. एमआयडीसीतल्या कामगारांच्या खोल्या, विद्यार्थ्यांची भाड्याची घरे, उसाच्या पैशातून उठलेले बंगले, सगळीकडे तो पोचला आहे. गिझरला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो त्याच्या जागेला. पाच बाय चारच्या बाथरूममध्ये, शॉवरशेजारी, धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याशिवाय तो टांगला जातो. आणि टांगणारे हात आपलेच असतात.

हिशेब मांडून पाहा. मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा गिझर साधारण 12 किलोवॅटचा. मोठ्या ज्योतीवर तो तासाला किलोभर गॅस खातो आणि तेवढा गॅस नीट जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. पाच बाय चारच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेचार घनमीटर. दार-खिडकी लावलेली असेल तर ही पुंजी वीस-बावीस मिनिटांची. धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. ऑक्सिजन उतरला आणि जळालेली हवाच पुन्हा बर्नरकडे ओढली गेली, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय गळतात. कडी आतून लावलेली असते आणि पाण्याचा आवाज येतोय म्हणून घरचे निर्धास्त असतात. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत बोरिवलीला पंधरा वर्षांची एक मुलगी अशीच अंघोळीला गेली, बेशुद्ध सापडली आणि पुढे दगावली.

गिऱ्हाईक म्हणते, "यात 20 मिनिटांचा टायमर आहे की." वरच्या हिशेबाशी ताडून बघा: टायमर गिझर बंद करील तोवर खोलीतली बहुतेक हवा खर्ची पडलेली असेल. टायमर वेळ मोजतो, हवा नाही. "एक्झॉस्ट फॅन लावलाय" हेही उत्तर पुरेसे नाही. वीज गेली की पंखा थांबतो, गिझर मात्र सेलवर पेटतच राहतो. आणि वरची जाळी? गारठा वाढला की तिच्यावर प्लायवूडचा तुकडा ठोकला जातो. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

ब्रिटनमध्ये 1998च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार खोलीतली हवा वापरणारे कोणतेही गॅस उपकरण बाथरूममध्ये बसवायला बंदी आहे, आणि काम करणाऱ्याची नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे मिनी गॅस गिझरसाठी आयएस 15558 आणि सिलिंडरच्या जोडणीसाठी आयएस 6044 ही मानके आहेत. पण भिंतीला ड्रिल लावताना तिथे हजर असतो तो फक्त फिटर. जुन्या घरांत तांब्याचा बंब अंगणात किंवा पडवीत पेटायचा, त्याच्या पोटातून नळकांडे वर जायचे आणि न्हाणीत यायचे ते फक्त पाणी. तीच रीत गिझरला लावायची आहे.

गिझर बाहेरच्या भिंतीवर किंवा उघड्या बाल्कनीत घ्या. पावसापासून आडोसा द्या, पण कपाटात कोंडू नका. चारही बाजूंनी बंद डक्ट म्हणजे बाहेर नव्हे. तिथला वायू वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरतो. सिलिंडर उभा, जमिनीवर, गटारापासून लांब ठेवा, कारण गळलेला एलपीजी खाली साचतो. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची हवी, पाच वर्षांच्या आत बदलायला हवी.

आपल्या भागाचे आणखी एक दुखणे म्हणजे बोअरचे जड पाणी. क्षार धरून कॉइल चोंदते. वरच्या पत्र्यांत काजळी बसली, तर धुराची वाट अडते आणि ज्योत पिवळी पडते. पिवळी ज्योत दिसली की गिझर तिथेच बंद करायचा, सफाई झाल्याशिवाय चालू करायचा नाही. वर्षाची सर्व्हिसिंग थंडीच्या आधी उरकावी.

घरच्यांना दोन गोष्टी सांगूनच निघा. अंघोळीत कुणी उत्तर देईनासे झाले तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 लावा. डॉक्टरांना गॅस गिझरचे नाव आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेतही आकडा चांगलाच दाखवतो.

"आतच बसव, नाहीतर दुसऱ्याला बोलावतो," असे घरमालक म्हणेल. म्हणू द्या. तालुक्यातल्या प्रत्येक फिटरने एकच उत्तर दिले, तर त्याला बोलवायला दुसरा उरणार नाही. आणि तुमच्या वहीत मागच्या हंगामांची गिऱ्हाइके आहेत. ज्यांच्याकडे गिझर आत आहे त्यांना या आठवड्यात फोन करा आणि तो बाहेर काढायची तारीख घ्या.