अडीच फोटोग्राफरांचं लग्न

घरात लग्न ठरलं की आधी हॉल मिळवायची धावपळ, मग केटररची चाखणी आणि मग एका संध्याकाळी मोबाइलवर फोटोवाल्याचं कोटेशन येऊन पडतं. दोन कँडिड, एक ट्रॅडिशनल, एक सिनेमॅटिक, एक साधं शूटिंग, ड्रोन वेगळा. खाली जो आकडा असतो तो पाहून नवरीचे बाबा चष्मा पुसतात आणि परत वाचतात. तुमच्या घरी सध्या असंच काही चालू असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठीच आहे.

‘फोटोग्राफर किती लावायचे?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत पाहुण्यांच्या संख्येवरून ठरतं, नाहीतर चुलत बहिणीच्या लग्नात किती होते त्यावरून. दोन्ही उत्तरं चुकीची. हे मी चूक करून शिकले आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भाचीचं लग्न झालं. आमच्याकडून तीन जण होते आणि मुलाकडचे आपले दोघे घेऊन आले होते. पाच कॅमेरे! बोहल्यावर इतकी गर्दी की समोर बसलेल्यांना नवरा-नवरीऐवजी पाच पाठी दिसत होत्या. पुढे पेनड्राइव्हमधून सात हजारांच्या वर फोटो आले. आणि त्या सात हजारांत आमच्या दादाचा एक फोटो नाही. दादा म्हणजे मुलीचा मामा. इंदूरहून खास आला होता. गौरीहर पुजून बसलेल्या भाचीला खोलीतून बोहल्यापर्यंत त्यानं हात धरून आणलं. एक-दीड मिनिटाची ती वाट. त्या वेळी पाचही कॅमेरे स्टेजवर नवरदेवाच्या तोंडासमोर जागा धरून उभे होते. खोलीच्या दाराशी कुणीच नव्हतं. दादानं नंतर दोनदा फोनवर विचारलं, “तो फोटो पाठव ना गं.” काय पाठवणार?

यात फोटोवाल्यांचा दोष किती आणि आमचा किती, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. माझं मत विचाराल तर आमचाच जास्त. दाराशी उभं राहा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पाच जण ठरवताना आम्ही फक्त पैशांची घासाघीस केली. कोण कुठे उभा राहील, हे विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही.

म्हणून धाकट्या भाचीच्या वेळी आम्ही उलटीकडून सुरुवात केली. बजेट आवळलेलंच होतं. धाकटीचे बाबा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, आणि लग्नासाठी कर्ज काढायचं नाही हे तिनं स्वतःच बजावलं होतं. मी आणि ती एक वही घेऊन बसलो आणि लग्नाचा दिवस तासातासानं लिहून काढला. तुम्हीही हे करा, फोटोवाल्याला फोन करण्याआधी करा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे नवरीच्या बाजूला काय चाललंय, उजवीकडे नवरदेवाच्या बाजूला काय, ते वेळेसकट लिहा. मग फक्त एवढंच बघायचं की एकाच वेळी दोन ठिकाणी असं काही घडतंय का, जे चुकलं तर तुम्हाला पुढे हळहळ वाटेल. तशी वेळ आली की तिथे दुसरा माणूस लागतो. नसेल तर एक पुरतो.

आमचा मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा होता. सकाळी साडेसातपासून अकरापर्यंतची रांग पाहिली. नवरीची तयारी, दोन्हीकडचं पुण्याहवाचन, सीमांतपूजन. सगळं एकाच हॉलमध्ये आणि बऱ्यापैकी एकामागोमाग. गुरुजींना विचारून पुण्याहवाचनाच्या वेळा थोड्या पुढेमागे केल्या, तेवढ्यात एका माणसाचं काम भागलं. गुरुजी अशा बाबतीत बरंच समजून घेतात, फक्त आधी विचारायला हवं.

खरी अडचण अकरानंतर. नवरी आत गौरीहरापाशी आणि नवरदेव बाहेरून वाजतगाजत येतोय. इथे एक माणूस दोन्हीकडे असू शकत नाही. मग अंतरपाट. त्याच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, मध्ये कापड. मंगलाष्टकं चालू असताना नवरीचा चेहरा ज्या कोनातून दिसतो त्या कोनातून नवरदेवाचा दिसत नाही. शेवटची अक्षता पडली, अंतरपाट सरला आणि हार पडले, की तो क्षण गेला. परत करून दाखवा म्हणायची सोय नाही. (म्हणणारे फोटोवाले आहेत. हार काढून पुन्हा घालायला लावणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. आणि आपण घालतोही!) त्यानंतर पाहुणे जेवायला पांगतात आणि इकडे कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी चालू राहते. एक जण विधींपाशी अडकला की पंगतीत बसलेल्या आत्या, काका, गावाकडची मंडळी कुणाच्याच कॅमेऱ्यात येत नाहीत. ज्यांना आपण आग्रहानं बोलावलं तेच अल्बममध्ये नसतात.

दुपारी दोननंतर पुन्हा सगळं एका जागी. सूनमुख, झाल, पाठवणी. एक माणूस पुरे.

हिशेब असा निघाला. फोटोसाठी एक जण दिवसभर, दुसरा फक्त अकरा ते दोन, आणि शूटिंगसाठी एक. दुसरा तीनच तास असल्यामुळे धाकटी म्हणाली, “मावशी, आपले अडीच फोटोग्राफर झाले.” तेव्हापासून घरात तोच शब्द पडला.

‘मी एकटाच फोटोही काढतो आणि शूटिंगही करतो’ असं सांगणारे भेटतील. एरवी चालेल, पण अंतरपाट सरताना त्याच्या हातात दोन्हींपैकी एकच असणार. तुम्हाला शूटिंग हवंच आहे का, हे आधी ठरवा. आमच्या धाकटीला साधं, सलग शूटिंग हवं होतं, कारण आजीला मंगलाष्टकं ऐकू यावीत अशी तिची इच्छा होती. सिनेमॅटिक नको होतं. तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये गाणं दुसऱ्याचंच वाजतं आणि गुरुजींचा, आईबाबांचा आवाज कुठेच नसतो. हे माझं मत झालं, तुमच्या घरातल्या तरुण मंडळींचं वेगळं असू शकतं.

तीन तासांसाठी वेगळा माणूस मिळतो का? दाट तिथीच्या दिवशी अवघड जातं, अर्ध्या दिवसासाठी कुणी पूर्ण दिवस अडकवून घेत नाही. आम्ही मुख्य फोटोग्राफरलाच विचारलं. त्याचा मदतनीस स्वतःचा कॅमेरा घेऊन येणार होताच, फक्त लाइट धरायला. त्या तीन तासांसाठी त्यालाच दाराशी उभं करायचं ठरलं. मुख्य माणसाचे १८ हजार, मदतनिसाचे ६, शूटिंगचे १८ आणि चाळीस पानी अल्बमचे १४. एकूण ५६ हजार. पहिल्या कोटेशनमध्ये हाच आकडा १ लाख ४० हजार होता. दर शहराप्रमाणे आणि तिथीप्रमाणे बदलतात, त्यामुळे तुमच्याकडचा आकडा वेगळा येईल. माणसं आणि तास ठरवायची रीत मात्र हीच.

आणि हे ५६ हजार एकट्या मुलीकडच्यांनी दिले नाहीत. इथे जरा स्पष्ट बोलते. दोन्हीकडचे वेगवेगळे फोटोग्राफर आणतात तेव्हा एकाच सप्तपदीचे दोनदा पैसे जातात, आणि ते दोघे एकमेकांच्या कॅमेऱ्यात येतात ते वेगळंच. व्याह्यांशी बोलायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. माझ्या मेहुण्यांनाही वाटला. शेवटी धाकटीनं होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं, त्यानं घरी विषय काढला आणि दोन दिवसांनी त्याच्या आईचाच फोन आला, “एकच टीम ठेवू, अर्धे-अर्धे करू.” त्यांनाही तेच हवं होतं, फक्त आधी कोण बोलणार? त्यांच्याकडच्या पंधरा माणसांची नावं आम्ही यादीत घातली, म्हणजे आपलं कुणी राहून गेलं असं त्यांना वाटायला नको.

ही यादी म्हणजे अर्धं काम समजा. फोटोवाल्याला नवरा-नवरी ओळखता येतात, तुमची आत्या ओळखता येत नाही. यादीबरोबर घरातला एक जण त्याच्या सोबत द्या, जो सगळ्यांना ओळखतो आणि ज्याला लग्नात दुसरं काम नाही. आमच्याकडे बारावीतला भाचा होता. त्यानं कानपिळीच्या वेळी नवरीच्या भावाची जागासुद्धा फोटोवाल्याला आधीच दाखवून ठेवली.

तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. दिल्लीतले फोटोग्राफर कामात तरबेज असतात, पण अंतरपाट त्यांच्या रोजच्या पाहण्यातला नसतो. उत्तरेकडच्या लग्नांत जयमाला हा सावकाश चालणारा, स्टेजवरचा मोठा कार्यक्रम. आपल्याकडे कापड बाजूला झालं की पुढच्या क्षणी हार. ज्याला हे ठाऊक नाही तो नेमका तेव्हा लेन्स बदलत असतो. आपल्या घरातल्या एखाद्या लग्नाचं शूटिंग त्याला आधी दाखवा, आणि शेवटच्या मंगलाष्टकाला कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता’ म्हणेल अशी व्यवस्था करा.

एकच माणूस ठेवलात तर जोखीम एकाच ठिकाणी गोळा होते, हे विसरू नका. त्याच्याकडे दुसरा कॅमेरा आहे का, फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर साठतात का, ऐनवेळी तो तापानं पडला तर कोण येणार, हे विचारा. ज्याचे फोटो पाहून तुम्ही भुललात तोच माणूस येणार की त्याच्या नावाखाली दुसरा, हे लिहून घ्या. फोनवरचे निवडक वीस फोटो बघून ठरवू नका, एका लग्नाचा पूर्ण अल्बम मागा. अंधाऱ्या हॉलमधला, दुपारच्या पंगतीचा. तासांवर किती तास झाले तर जादा पैसे, अल्बमचं पान वाढलं तर किती, फोटो कधी हातात येणार, हेही कागदावर हवं. पक्कं बिल असेल तर १८ टक्के जीएसटी धरूनच आकडा विचारा, नाहीतर शेवटी धक्का बसतो. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक तुम्ही असता, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणून सही करण्याआधी ते बारीक अक्षर वाचा.

ड्रोन आम्ही पहिल्या फटक्यात काढून टाकला. बंद हॉलमध्ये त्याचा काय उपयोग? शिवाय विमानतळाच्या आसपासच्या भागात परवानगीशिवाय तो उडवताच येत नाही. हळदीला व्यावसायिक फोटोग्राफर नव्हताच. घरच्या अंगणात, भाचीच्या मैत्रिणीच्या फोनवर काढलेले ते फोटो आज सगळ्यांत जास्त पाहिले जातात, पण मुहूर्तावर मी फोनच्या भरवशावर राहणार नाही. तिथे फोन उंचावणाऱ्या हातांचीच गर्दी होते. आमच्या गुरुजींनी माइकवरून दोनदा सांगितलं तेव्हा हात खाली आले.

पन्नास माणसांचं देवळातलं लग्न किंवा नोंदणी विवाह असेल तर या वह्या-रेघा कशाला? एक माणूस, दोन-तीन तास. विवाह नोंदणीसाठी पत्रिकेबरोबर लग्नाचा फोटो मागतात, तो दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारा एक तेवढा नक्की काढून घ्या. याउलट हळद दोन घरी एकाच वेळी असेल किंवा संध्याकाळचं रिसेप्शन आठशे माणसांचं असेल, तर दोनाचे तीन करावेच लागतील. तिथे काटकसर अल्बमच्या पानांत करा. अल्बम पुढच्या वर्षीही छापता येतो.

आणि हो, जितके फोटोग्राफर तितकी ताटं केटररला आधी सांगा. आमच्या माणसानं सकाळी सातला चहा घेतला होता, त्यानंतर दोन वाजेपर्यंत त्याला कुणी पाणी विचारलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं तेव्हा मला लाज वाटली. मग मदतनिसानं अर्धा तास कॅमेरा सांभाळला आणि तो पंगतीला बसला.

धाकटीचे फोटो महिन्याभरात आले. दोन हजारांच्या आसपास. दादाचा फोटो त्यात आहे. खोलीचं दार, पिवळी साडी, तिचा हात दादाच्या हातात आणि दादा समोर न बघता तिच्या पायाखाली बघतोय, उंबरा आहे म्हणून. मी तो लगेच इंदूरला पाठवला. त्यानं मोठा करून भिंतीवर लावलाय.

परवा फोन आला होता. म्हणाला, “छान आलाय. थोरलीचा नाहीच का गं मिळाला कुठे?”