किल्ली कुणाच्या खिशात?

प्रोग्रामसोबत त्याचे दस्तऐवजही लिहिले पाहिजेत, हे आता कुणी नाकारत नाही. निदान तोंडाने तरी नाही. मात्र ज्या सेटिंग्जच्या आधारे हे दस्तऐवज तयार होतात, त्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न कारकुनी समजून बाजूला सारला जातो. आम्हांला तो तसा वाटत नाही. सामायिक कामाचे ज्ञान नेमके कुणाच्या मालकीचे, हा मूळ प्रश्न त्यात दडलेला आहे.

जावाचे उदाहरण घेऊ. कोडमध्येच लिहिलेल्या टिपा वाचून त्यांची वेबपाने तयार करणारे ‘जावाडॉक’ हे साधन त्या भाषेला १९९६ पासून सोबत करीत आले आहे. खासगी घटक दाखवायचे की नाही, इतर लायब्रऱ्यांच्या दस्तऐवजांशी दुवे कसे जोडायचे, मूळ फाइलींचे एन्कोडिंग कोणते, हे सारे त्याला पर्याय देऊन सांगावे लागते. एक्लिप्समध्ये हे पर्याय एका विझार्डमध्ये भरता येतात आणि पुढच्या वेळी ते आपोआप समोर येतात. पण ही स्मृती त्या यंत्रावरील ‘वर्कस्पेस’ची असते, प्रकल्पाची नव्हे. तेच पर्याय ॲन्ट स्क्रिप्ट म्हणून जतन करण्याची सोयही त्याच विझार्डमध्ये आहे. किती जण तिचा लाभ घेतात?

याचे फळ आम्ही एकदा भोगले आहे. प्रकल्पातील व्यवहाराचे नियम मराठी कागदपत्रांतून आलेले असल्याने टिपाही मराठीतच लिहिल्या होत्या. यूटीएफ-८ ची निवड ज्याने आपल्या वर्कस्पेसमध्ये केली होती, तो सहकारी नोकरी सोडून गेला. नव्या सहकाऱ्याने आपल्या विंडोज यंत्रावर दस्तऐवज तयार केले, तेव्हा प्रत्येक मराठी वाक्याच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटली. टिपा शाबूत होत्या. त्या वाचण्याची किल्ली तेवढी एकाच्या खिशात राहून गेली होती. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूलभूत एन्कोडिंग झाले, हे खरे. परंतु त्याने एका पर्यायाचा प्रश्न सुटला. बाकीचे पर्याय जिथल्या तिथेच आहेत.

सेटिंग्ज ही वैयक्तिक बाब आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. अक्षरांचा आकार, पडद्याचे रंग यांपुरता तो आम्हांलाही मान्य आहे. किंबहुना स्वतःच्या यंत्रावरील फोल्डरचा पत्ता सामायिक फाइलीत कोंबणारा सर्वांनाच अडचणीत आणतो. म्हणून भेद करायचा तो असा: ज्या सेटिंगने वाचकाच्या हाती पडणारा मजकूर बदलतो, ती प्रकल्पाची, जिने केवळ लिहिणाऱ्याची सोय होते, ती त्याची स्वतःची.

हा भेद पाळण्याची साधने आहेतच. एक्लिप्समध्ये एन्कोडिंग प्रकल्पाच्या पातळीवर निवडले, तर ते प्रकल्पातीलच ‘.सेटिंग्ज’ फोल्डरात साध्या मजकुराच्या रूपात लिहिले जाते. लायब्ररीच्या दस्तऐवजांचा पत्ता ‘.क्लासपाथ’ फाइलीत राहतो. डॉक्सिजनचे पर्याय तर मुळातच एका मजकूर-फाइलीत असतात. हे सारे कोडबरोबर गिटमध्ये ठेवले, की कोणता पर्याय कुणी, केव्हा बदलला याचीही नोंद राहते. पण एक्लिप्ससाठी गिटने काय वगळावे याची जी तयार यादी गिटहबवर मिळते, तिच्यात ‘.सेटिंग्ज’ हा फोल्डरही आहे. ती यादी न वाचता उचलणारा संघ घरातली किल्ली नकळत उकिरड्यावर टाकतो.

आमची कसोटी साधी आहे. कोऱ्या यंत्रावर प्रकल्प उतरवून घ्यावा, कुणालाही काही न विचारता एकच आज्ञा द्यावी आणि काल निघालेलेच दस्तऐवज आजही निघतात का, ते पाहावे. निघत नसतील, तर त्या प्रकल्पाचे ज्ञान अजून संघाचे झालेले नाही, असे आम्ही समजतो.