आपल्या हाताची रॅकेट

(द्वितीय वर्ष, कला)

चप्पल घ्यायला गेलेला माणूस ती पायात घालून दुकानातच चार पावले चालून पाहतो. चष्मा कितीही सुंदर असला तरी दुसऱ्याच्या नंबरचा कोणी लावीत नाही. शिंपीदादा तर माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावीत नाहीत. टेनिसची रॅकेट घेताना मात्र आपण ती भिंतीवर टांगलेली पाहतो, तिचा रंग पाहतो, ती टीव्हीवर कोणाच्या हातात पाहिली होती ते आठवतो आणि पैसे मोजून मोकळे होतो. जी वस्तू पुढे दोन-तीन वर्षे रोज तासभर आपल्या मनगटाला, कोपराला आणि खांद्याला धक्के देणार आहे, तिची निवड केवळ डोळ्यांनी करण्याची ही रीत मला पटत नाही. रॅकेट ही हाताने निवडण्याची वस्तू आहे, आणि तीही आपल्याच हाताने, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

कोणी म्हणेल, टेनिसवर लिहिण्याचा हिला काय अधिकार? अधिकार काहीच नाही. मी कोणत्याही स्पर्धेची विजेती नाही. कॉलेजात येईपर्यंत रॅकेट कधी हातात धरली नव्हती. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे एखाद्या मामाची किंवा आत्याची जुनी रॅकेट माळ्यावरून काढून मिळावी अशी सोय नव्हती. पहिल्या वर्षी जिमखान्याच्या रॅकेटवर खेळ शिकले. यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी स्वतःची रॅकेट घ्यावी असे ठरले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "घे, पण एकदाच घे."

या 'एकदाच' शब्दात फार अर्थ आहे. ज्याच्या घरी पैशाला तोटा नाही, त्याची एक रॅकेट चुकली तर दुसरी येते. आमच्यासारख्यांची चुकली तर रॅकेट कोपऱ्यात जाते आणि तिच्यामागून खेळही जातो. तेव्हा 'योग्य रॅकेट कोणती' हा प्रश्न श्रीमंतांचा चोचला आहे असे जे म्हणतात, त्यांना मी उलट सांगेन की हा प्रश्न खरा आहे तो ज्यांना एकदाच घ्यावयाची आहे त्यांचा.

दुकानात गेले तेव्हा दोन-अडीच हजारांपासून वीस हजारांपर्यंतच्या रॅकेट ओळीने लावल्या होत्या. दुकानदारांनी मला दोनच गोष्टी विचारल्या : किती रुपयांपर्यंत पाहिजे, आणि आवडता खेळाडू कोण? तू खेळतेस कशी, हे कोणी विचारले नाही. मी रॅकेट न घेताच परत आले आणि मग या विषयाचा थोडा अभ्यास केला.

अभ्यास करताना एक गंमत ध्यानात आली. टेनिसचे हे शास्त्र म्हणून जे काही सांगतात, त्यातील अर्धे माझ्या आईला ठाऊक आहे. आई खुरपणीला जाते तेव्हा स्वतःचे खुरपे नेते. दुसरीचे खुरपे ती धरीत नाही आणि आपले कोणाला देत नाही. कारण मूठ हाताला बसलेली असते. मूठ जाड झाली तर बोटे आखडतात, बारीक झाली तर खुरपे हातात फिरते आणि संध्याकाळपर्यंत तळहाताला फोड येतो. वडील कुदळीला बाभळीचा दांडा बसवून घेतात तेव्हा सुतारासमोर तो दोनदा उगारून पाहतात. जड दांड्याने घाव खोल जातो, पण दुपारनंतर हात उचलत नाही. हलक्याने हात चालतो, पण कठीण जमिनीत झिणझिण्या येतात. कोणत्याही इंग्रजी पुस्तकात रॅकेटच्या वजनाविषयी याहून वेगळे काही सांगितलेले नाही! आपल्या घरचे ज्ञान कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून यावे लागते, असे आम्हा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना उगाचच वाटत असते.

आता मुद्द्याचे बोलू. रॅकेट पाहताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली मूठ. मुठीचा घेर ४ इंचांपासून साडेचार इंचांच्या किंचित पुढेपर्यंत, अष्टमांश इंचाच्या फरकाने मिळतो. रॅकेट नेहमीसारखी धरावी आणि बोटांची टोके व तळहात यांच्यामध्ये राहिलेल्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी घालून पाहावी. ती जेमतेम मावली तर मूठ बरोबर. मावली नाही तर मूठ बारीक, आणि मावून जागा उरली तर जाड. दोन मापांत मन अडकले तर बारीक घ्यावी. वरून ग्रिपची पट्टी गुंडाळून ती जाड करता येते, पण जाड मूठ तासून बारीक करणे अवघड.

दुसरी गोष्ट वजन. मोठ्यांच्या रॅकेट गट भरण्यापूर्वी साधारणतः अडीचशे ग्रॅमपासून सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅमपर्यंत असतात. जड रॅकेट समोरून आलेल्या जोरदार चेंडूपुढे डगमगत नाही आणि धक्का स्वतः पचवते. पण ती वेळेवर फिरवायला खांद्यात बळ आणि अंगात सवय पाहिजे. हलकी रॅकेट चटकन फिरते, पण चेंडूचा हादरा हातापर्यंत पोचवते. शिवाय वजन किती याइतकेच ते कोठे आहे हेही महत्त्वाचे. नेहमीची रॅकेट २७ इंच लांब असते. तिचा तोल मध्यापासून मुठीकडे असेल तर ती नेटजवळ व्हॉलीसाठी लवकर वळते, डोक्याकडे असेल तर मागच्या रेषेवरून मारलेल्या फटक्याला जोर देते.

तिसरी गोष्ट जाळीचे क्षेत्रफळ. जाळीच्या मध्यावर अशी एक जागा असते की तेथे चेंडू लागला तर हाताला काही कळतच नाही. जाळी मोठी तर ही जागाही मोठी, म्हणजे थोडी चूक पोटात घालणारी. जाळी लहान तर चेंडू नेमका जातो, पण नेमका मारणाऱ्याचाच.

चौथी गोष्ट, जिच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो, ती म्हणजे गटिंग. गटाचा ताण पौंडांत मोजतात आणि तो बहुधा ५० ते ६० पौंडांच्या आसपास ठेवतात. ताण कमी ठेवला तर चेंडू लांब जातो, वाढवला तर ताब्यात राहतो. पॉलिएस्टरची कडक गट टॉपस्पिनला चांगली, पण नवशिक्याच्या कोपराला वाईट, नायलॉनची मऊ. रॅकेट तीच ठेवून केवळ गटिंग बदलले तरी ती वेगळीच वाटते. वर्षानुवर्षे न बदललेल्या, सैल पडलेल्या गटाच्या महाग रॅकेटपेक्षा ताज्या गटाची साधी रॅकेट केव्हाही बरी.

यावर नेहमीचा आक्षेप तयारच असतो : "नाचता येईना, अंगण वाकडे! आधी खेळ शिका, मग रॅकेटला नावे ठेवा." म्हण खरी आहे. पण अंगण कधी कधी खरेच वाकडे असते, आणि टेनिसच्या इतिहासात त्याचा उत्तम पुरावा आहे. हॉवर्ड हेड नावाचे एक अमेरिकन अभियंते होते. बर्फावरून घसरण्याच्या स्कीजचा धंदा केल्यानंतर उतारवयात ते टेनिस शिकू लागले आणि त्यांना ते काही जमेना. चेंडू मध्यावर लागला नाही की रॅकेट हातात पिळवटून फिरे. त्या काळच्या लाकडी रॅकेटची जाळी सुमारे ६५ ते ७० चौरस इंचांची असे. हेडसाहेबांनी स्वतःलाच दोष देत न बसता विचार केला की जाळी रुंद केली तर ती कमी पिळवटेल. त्यातून ११० चौरस इंचांच्या आसपास जाळी असलेली 'प्रिन्स' रॅकेट १९७६ साली बाजारात आली. लोक तिला हसले. ही म्हाताऱ्यांची रॅकेट, असे म्हणाले. पुढे १९७८ साली पॅम श्रायव्हर ही अवघी १६ वर्षांची मुलगी ती रॅकेट घेऊन अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि हसणे थांबले. पुरुषांच्या ग्रँडस्लॅम एकेरीत लाकडी रॅकेटने मिळवलेले शेवटचे विजेतेपद यानिक नोआचे, १९८३ सालच्या फ्रेंच ओपनमधले. आज विजेत्यांच्या हातात दिसणाऱ्या जाळ्या बहुधा ९५ ते १०० चौरस इंचांच्या असतात. म्हणजे एका कच्च्या खेळाडूची तक्रार साऱ्या टेनिसच्या उपयोगी पडली!

विजेत्यांचे अनुकरण करावयाचे तर कशाचे करावे, हेही येथेच पाहता येईल. ब्यॉर्न बोर्ग आपल्या लाकडी रॅकेटची गट ८० पौंडांच्या आसपास ताणून घेत असे. त्याच्या फटक्याला ते मानवत होते, आपल्या हाताला मानवणार नाही. पीट सॅम्प्रासची रॅकेट ८५ चौरस इंचांची, वर शिसे चिकटवून जड केलेली. मोठ्या खेळाडूंच्या रॅकेट अशा खास त्यांच्यासाठी घडवलेल्या असतात. दुकानात आपल्याला मिळतो तो बहुधा त्यांचा रंग. पण रॉजर फेडररची गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. १७ ग्रँडस्लॅम विजेतेपदे मिळवलेल्या या माणसाने वयाच्या ३२ व्या वर्षी आपली ९० चौरस इंचांची रॅकेट बाजूला ठेवली आणि २०१४ पासून ९७ चौरस इंचांची घेतली. २०१७ साली ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने नदालला पाच सेटमध्ये हरवले ते या मोठ्या रॅकेटने. एवढ्या मोठ्या खेळाडूला 'माझा खेळ बदलला, आता माझी रॅकेट बदलू द्या' असे म्हणताना संकोच वाटला नाही. याउलट बोर्ग १९९१ साली लाकडी रॅकेट घेऊन माँटे कार्लोत पुन्हा उतरला तेव्हा पहिल्याच सामन्यात हरला. इतक्या वर्षांच्या खंडानंतर तो कदाचित कोणत्याही रॅकेटने हरला असता. पण भोवतालचा खेळ बदलला होता आणि त्याच्या हातातील रॅकेट तीच होती, हेही खरे.

माझ्यापुरते सांगायचे तर माझा हात लहान, उंची बेताची, नेटकडे धावण्यापेक्षा मागे राहून चेंडू परतवीत बसण्याचा स्वभाव. गावातील क्लबवर खेळणाऱ्या चार जणांकडून त्यांच्या रॅकेट एकेक दिवस मागून घेतल्या. मागताना लाज वाटली. पण दिली सर्वांनी. त्यांपैकी २८० ग्रॅमची, १०० चौरस इंचांची, सव्वाचार इंच मुठीची एक हातात घेतल्यावर दहा मिनिटांत तिचे अस्तित्वच विसरले. तशीच एक वापरलेली रॅकेट, कोठे चीर नाही याची खात्री करून, नव्या किमतीच्या निम्म्याहून कमी पैशांत घेतली आणि उरलेल्या पैशांतून ताजे गटिंग करून घेतले. रंग मात्र मला मुळीच आवडलेला नाही!

ज्यांना क्लबवर जाऊन मागण्याचा धीर नाही त्यांचे काय? पहिल्या वर्षाला माझ्याबरोबर आलेल्या सहा मुलींपैकी चौघींनी दिवाळीपूर्वीच कोर्टावर येणे सोडले. "आमचा हातच दुखतो, हा खेळ आपला नव्हे," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात होत्या त्या जाड मुठीच्या, जड रॅकेट. खेळ त्यांचा होता की नव्हता, हे त्या रॅकेटवरून कसे कळावे? 'हे आपल्यासाठी नाही' असे ऐकण्याची आणि मानण्याची सवय आम्हा मुलींना आधीच फार आहे. त्यात रॅकेटने आणखी भर घालू नये.

म्हणून जिमखान्याच्या समितीला तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, पुढच्या खरेदीत एकाच मापाच्या सहा रॅकेट घेण्याऐवजी वेगवेगळ्या वजनाच्या व मुठीच्या चार घ्याव्यात आणि मुठीवर माप लिहून ठेवावे. दोन, उरलेल्या पैशांतून वर्षातून दोनदा गटिंग करून घ्यावे. तीन, जुलैत नव्या मुलामुलींना रॅकेट देण्यापूर्वी तर्जनीची ती साधी परीक्षा घ्यावी. तिला एक मिनिट लागते आणि खर्च शून्य.

टेनिसच्या नियमांत रॅकेटच्या लांबीला २९ इंचांची मर्यादा आहे, रुंदीलाही मर्यादा आहे. वजनाला मात्र नाही. तेवढे स्वातंत्र्य नियमानेच खेळाडूला दिले आहे. ते दुकानदाराला किंवा टीव्हीवरच्या विजेत्याला देऊन टाकू नये. रॅकेट मागताना पहिल्या वर्षाची एखादी मुलगी चाचरत म्हणाली, "सर, ही हाताला बसत नाही," तर तिला नखरेल समजू नये. दुसरी काढून द्यावी.