रोहिताचा तोल कमरेतही असतो

मज्जारज्जू म्हणजे मेंदूचे हुकूम खाली पोचवणारी नुसती तार, ही समजूत शाळेपासून आपल्या डोक्यात पक्की बसलेली आहे. पक्ष्यांच्या बाबतीत ती टिकत नाही. ज्याला शंका असेल त्याने हिवाळ्यात नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत चरणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) नीट पाहावेत.

पक्ष्याच्या कमरेचे मणके जुळून एकसंध हाड बनते. त्या हाडाच्या पोकळीत मज्जारज्जू वरच्या अंगाने दुभंगतो आणि त्या फटीत ग्लायकोजनने, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेने, गच्च भरलेल्या पेशींचा एक पिंड बसलेला असतो. रज्जूच्या दोन्ही कडांना चेतापेशींचे बारीक उंचवटे असतात, भोवती द्रव असतो आणि वरच्या हाडात आडव्या पोकळ्यांची रांग असते. आजच्या प्राण्यांत ही सगळी मांडणी फक्त पक्ष्यांत सापडते. त्यांच्या जवळच्या नात्यातल्या मगरींतही नाही.

या जागेबद्दल सर्वांत जास्त पसरलेली कथा म्हणजे ‘डायनोसॉरला दोन मेंदू होते’ ही. स्टेगोसॉरसच्या कमरेतली पोकळी कवटीतल्या मेंदूच्या जागेपेक्षा कितीतरी मोठी आहे, असे एकोणिसाव्या शतकात जीवाश्मशास्त्रज्ञ ऑथनिएल मार्श यांनी दाखवले आणि तिथून ही कथा रुजली. पण पोकळी मोठी म्हणून आत मेंदूच असला पाहिजे, हे कुठले तर्कशास्त्र? 1991 मध्ये संशोधक एमिली गिफिन यांनी स्टेगोसॉर आणि लांब मानेचे सॉरोपॉड यांच्या कमरेतल्या पोकळ्या तपासून तिथे पक्ष्यांसारखा ग्लायकोजनचा पिंड असावा, असे मांडले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत इसिसॉरस हा सॉरोपॉड सापडला आहे. त्याची गोष्ट मुलांना सांगताना तरी हा दुसरा मेंदू आता वगळावा.

‘मग हा ग्लायकोजनचा पिंड उपासमारीसाठीचा साठा असेल,’ असे दुसरे लोक म्हणतात. पक्षी उपाशी राहिला की यकृतातले ग्लायकोजन झपाट्याने संपते, या पिंडातले मात्र जवळपास तसेच राहते. अडीनडीला न उघडणाऱ्या कोठाराला कोठार कसे म्हणायचे?

या अवयवावर संशोधन करणारे राइनहोल्ड नेकर यांचे म्हणणे मला सर्वांत सबळ वाटते. त्या आडव्या पोकळ्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांसारख्या दिसतात. शरीर कलले की द्रव हलतो आणि कडेच्या चेतापेशींना ते जाणवते. म्हणजे हा तोल जोखणारा अवयव आहे. कबुतरांच्या या भागातला द्रव काढल्यावर त्यांचे चालणे-बसणे अडखळले, उडणे मात्र बिघडले नाही. पिंडाचे नेमके काम अजून उलगडायचे आहे. पण त्यामुळे हा पुरावा लटका ठरत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. 2017 मध्ये चँग आणि टिंग या संशोधकांनी दाखवले की मेलेला रोहितसुद्धा एका पायावर उभा राहतो, सांध्यांची रचनाच तशी आहे. आक्षेप खरा आहे, म्हणूनच रोहिताच्या एका पायावर उभे राहण्याला मी पुरावा मानत नाही. पुरावा शोधायचा तो चरण्यात. चरताना रोहित लांब मान खाली सोडून डोके उलटे करतो आणि तसाच चिखलातून पावले टाकत राहतो. त्याचा कान त्या वेळी उलटा, धडापासून लांब आणि सतत हलता असतो. धड किती कलले हे अशा कानाने एकट्याने कसे सांगायचे? मानेतल्या स्नायूंची जाणीव मदत करतेच, पण ज्या धडाचा तोल राखायचा त्यातच एक मोजमाप असणे किती सोयीचे!

उत्क्रांतीचा मोठा धागा इथेच आहे. पक्ष्यांच्या पूर्वजांनी पुढचे पाय चालण्यातून मोकळे केले, त्यांचे पंख झाले, आणि जमिनीवरचा सारा भार मागच्या दोन पायांवर आला. त्या पायांचा कारभार ज्या ठिकाणाहून चालतो तिथेच तोलाची जाणीव रुजली, असे मानल्यास उडणे आणि चालणे वेगवेगळे का बिघडते, हेही उलगडते.

2024 च्या उन्हाळ्यात नेरूळच्या तलावापाशी रोहित मेले, तेव्हा चर्चा तुंबलेल्या पाण्याची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण असे मेलेले पक्षी पुरण्याआधी वन खात्याच्या परवानगीने त्यांच्या कमरेच्या हाडाचे सीटी स्कॅन का होऊ नये? परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय खाडीपलीकडेच आहे. उलट्या डोक्याने चरणाऱ्या पक्ष्यात त्या आडव्या पोकळ्या किती मोठ्या आणि कशा मांडलेल्या असतात, हे मोजायला नवी मुंबईइतकी योग्य जागा फार थोडी आहे.